इरावती कर्वे : समाजशास्त्रीय कारकीर्द आणि मराठी गद्य

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात इरावती कर्वे हे नाव येते ते ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून, अथवा ललित निबंधाला नवे वळण देणाऱ्या निबंधकार म्हणून. समाजशास्त्राच्या वर्गात तेच नाव भारतीय आप्तसंबंधांच्या अभ्यासाच्या संदर्भात उच्चारले जाते. या दोन वर्गांचा परस्परांशी फारसा संबंध राहिलेला नाही. मराठीच्या अभ्यासकाला इरावतीबाईंचे शास्त्रीय लेखन हा त्यांचा व्यवसाय वाटतो, तर समाजशास्त्राच्या अभ्यासकाला त्यांचे मराठी लेखन हा विरंगुळा वाटतो. परिणामी दोन्हीकडे अर्ध्याच इरावती कर्वे वाचल्या जातात. त्यांच्या आयुष्याचा व विद्याव्यवसायाचा क्रम नीट पाहिला असता ही विभागणी टिकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हाती आलेला पुरावा गृहीतकाला नाकारीत असेल तर गृहीतक सोडावयाचे, ही एकच शिस्त त्यांच्या बर्लिनमधील प्रबंधात, नातेव्यवस्थेच्या अभ्यासात आणि महाभारतावरील निबंधांत दिसते. ही शिस्त जेथे सैल पडली, त्या जागाही याच क्रमात दिसतात.

१. जडणघडण

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या व्यवसायातील एका कंपनीत अभियंता होते. त्या देशाच्या मोठ्या नदीवरून मुलीचे नाव इरावती ठेवण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठविण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि त्या मैत्रीतून रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घराचे दार उघडले. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य, गणिती, निरीश्वरवादी आणि विवेकनिष्ठ म्हणून ख्यात असलेल्या रँग्लरांच्या कुटुंबात त्या घरच्या मुलीसारख्या वाढल्या. ग्रंथांनी भरलेले घर, मोकळा वादविवाद आणि कोणत्याही मताला प्रमाण मागण्याची सवय ही त्या घराची देणगी होती.

१९२६ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. दक्षिणा शिष्यवृत्ती मिळाल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास सुरू केला. मालवणात जन्मलेले आणि केंब्रिजहून परतलेले घुर्ये १९२४ पासून त्या विभागाचे प्रमुख होते. संस्कृत ग्रंथांचा आधार आणि प्रत्यक्ष क्षेत्रातील पाहणी यांची सांगड घालणारी त्यांची पद्धती इरावतीबाईंनी आत्मसात केली. चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंध सादर करून त्यांनी १९२८ मध्ये एम. ए. पदवी मिळविली. अभ्यासाचा पहिलाच विषय स्वतःची जात हा होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. आपल्या माणसांकडे परक्याच्या दृष्टीने पाहण्याचा सराव येथून सुरू झाला. पुढे त्यांच्या ललित निबंधांत जो अलिप्त जिव्हाळा आढळतो, त्याचे मूळ या सरावात शोधता येते.

या सुमारास त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य, आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींनी सुनेने उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जाण्याला मात्र विरोध केला. स्वतः जर्मनीत शिकून आलेल्या दिनकररावांनी पत्नीला पाठविण्याचा निर्णय बदलला नाही. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ रक्कम घेऊन प्रवासाची व्यवस्था झाली. सुधारकाच्या घरातही सुधारणेला मर्यादा असतात, हे सत्य इरावतीबाईंनी ग्रंथांत वाचण्यापूर्वी अनुभवले होते.

२. बर्लिन : गृहीतक आणि पुरावा

१९२८ च्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. तेथील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था आदल्याच वर्षी स्थापन झाली होती आणि तिचे संचालक ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले. फिशर हे वंशभेदाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते होते. मानवी कवटीच्या डाव्या व उजव्या बाजूंतील असमानतेचा अभ्यास करण्याचा विषय त्यांना देण्यात आला. युरोपीय कवट्यांतील असमानता विशिष्ट प्रकारची असून ती बौद्धिक श्रेष्ठतेशी निगडित आहे, अशी अपेक्षा या विषयामागे होती. तुलनेसाठी उपलब्ध असलेल्या कवट्यांत जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. कोणत्या हिंसेतून असे संग्रह उभे राहिले, याची चर्चा युरोपातील विद्यापीठांत अलीकडच्या काळात होऊ लागली आहे.

इरावतीबाईंनी मोजमापे घेतली, कोष्टके मांडली आणि निष्कर्ष काढला. असमानता सर्वच मानवसमूहांत आढळते आणि तिचा वंशाशी संबंध दाखविता येत नाही, असा तो निष्कर्ष होता. मार्गदर्शकाचे गृहीतक त्यामुळे कोसळत होते. परक्या देशात, परक्या भाषेत, कर्जाच्या पैशावर शिकणाऱ्या पंचविशीच्या आतबाहेरच्या विद्यार्थिनीने हे करणे सोपे नव्हते. आकड्यांची मांडणी थोडी मवाळ करता आली असती. तसे झाले नाही. प्रबंध १९३१ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी नाझी पक्ष सत्तेवर आला, फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि ती संस्था वंशशुद्धीच्या राजकारणाला शास्त्राचे अधिष्ठान पुरविणारे केंद्र बनली. इरावतीबाईंच्या प्रबंधाचे मोल ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याखेरीज कळत नाही. उर्मिला देशपांडे आणि थिआगो पिंटो बार्बोसा यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी चरित्रामुळे हे प्रकरण पुन्हा चर्चेत आले आहे.

मात्र या प्रसंगावरून त्यांना वंशशास्त्राच्या विरोधक ठरविणे अतिशयोक्तीचे होईल. बर्लिनमध्ये शिकलेले मोजमापाचे तंत्र त्यांनी टाकून दिले नाही. पुढे अनेक वर्षे त्या महाराष्ट्रातील विविध जातींच्या लोकांची शरीरमापे घेत राहिल्या. १९५१ मध्ये वि. म. दांडेकर यांच्यासमवेत त्यांनी या मापांचा संख्याशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. वंशश्रेष्ठतेचा निष्कर्ष त्यांनी नाकारला. शरीर मोजून समाजाचा इतिहास कळतो ही श्रद्धा नाकारली नाही.

३. डेक्कन कॉलेज आणि नातेव्यवस्थेचा अभ्यास

भारतात परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात कुलसचिवपदाचे काम केले. प्रशासनात त्यांचे मन रमले नाही. १९३४ मध्ये बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्थेच्या स्वरूपात पुन्हा सुरू झाले, तेव्हा समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ह. धी. सांकलिया यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ आणि सु. मं. कत्रे यांच्यासारखे भाषाशास्त्रज्ञ त्यांचे सहकारी होते. भाषा, उत्खनन आणि समाज यांचा अभ्यास एकाच आवारात चालत असल्याने विषयांच्या सीमा तेथे आपोआप पुसट झाल्या. गुजरातेतील लांघणज येथे सांकलियांच्या उत्खननात मानवी सांगाडे मिळाले तेव्हा त्यांच्या अभ्यासात इरावतीबाईंचा सहभाग होता. १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या दिल्ली अधिवेशनात मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. निवृत्तीपर्यंत त्या याच संस्थेत राहिल्या.

या काळातील त्यांचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील कोणतीही सांस्कृतिक घटना समजून घ्यावयाची तर भाषिक प्रदेश, जातिसंस्था आणि कुटुंबरचना या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात, ही त्या ग्रंथाची मूळ भूमिका होय. देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग कल्पून त्यांनी प्रत्येक विभागातील नात्यांचे शब्द, विवाहाचे नियम आणि कुटुंबाची घडण यांची तुलना केली. उत्तरेत माहेर आणि सासर ही दोन परकी कुळे असतात. मुलगी अनोळखी घरात जाते. दक्षिणेत विवाह बहुधा आधीच नात्यात असलेल्या घराशी होतो आणि जुने नाते नव्याने बळकट होते. महाराष्ट्र या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतो.

या विवेचनाचा अर्थ मराठवाड्यातील विद्यार्थ्याला ग्रंथाबाहेरही सापडू शकतो. जालना जिल्ह्यातील हसनाबादसारख्या गावातून पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याला मामाच्या मुलीशी होणारा विवाह अपरिचित नसतो. मुलाने मामाची मुलगी केली की त्या मुलीची आत्याच तिची सासू होते. सुनेने सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणण्याचा मराठी प्रघात या व्यवस्थेशी जुळतो. विवाह नात्याबाहेर झाला तरी शब्द मात्र जुनीच रीत सांगत राहतो. उलट सासू, सासरा हे शब्द उत्तरेकडील भाषांशी नाते सांगतात. एकाच बोलीत दोन व्यवस्थांचे थर असतात, हे इरावतीबाईंनी शब्दांच्या आधारे दाखविले. बोलीभाषेचा आणि लोकगीतांचा अभ्यास करणाऱ्याला ही पद्धती उपयुक्त आहे. जात्यावरच्या ओवीत भाऊ, भाचा आणि मामा यांना मिळणारे स्थान केवळ भावनेच्या अंगाने समजत नाही. त्यामागे विवाहव्यवस्था उभी असते.

या ग्रंथाची दखल फ्रेंच समाजशास्त्रानेही घेतली. लुई द्युमाँ यांनी डेव्हिड पोकॉक यांच्यासह १९५७ मध्ये भारतीय समाजशास्त्राला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. त्याच्या पहिल्याच अंकात या ग्रंथाचे विस्तृत परीक्षण होते. तमिळ प्रदेशात क्षेत्रकार्य केलेल्या द्युमाँ यांची दृष्टी संरचनावादी होती. त्यांना समाजाच्या मुळाशी असलेले एक तत्त्व हवे होते, आणि १९६६ मधील जातिव्यवस्थेवरील ग्रंथात त्यांनी ते शुद्ध-अशुद्धाच्या श्रेणीत पाहिले. इरावतीबाईंची वृत्ती याहून वेगळी होती. एका तत्त्वात सारे बसविण्यापेक्षा तपशिलांचे वैविध्य राखणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटे. सैद्धान्तिक बांधणी सैल असल्याचा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो, आणि तो निराधार नाही. परंतु त्याच सैलपणामुळे त्यांच्या लेखनात माणसे शिल्लक राहतात, हेही मान्य केले पाहिजे.

४. जातिविचार : सामर्थ्य आणि मर्यादा

जातीच्या उत्पत्तीविषयी इरावतीबाईंनी आपल्या गुरूंशी मतभेद नोंदविला. मूळच्या एका समाजाचे तुकडे होऊन जाती झाल्या, या स्पष्टीकरणाकडे घुर्ये यांचा कल होता. इरावतीबाईंनी उलट दिशा सुचविली. ज्याला आपण एक जात म्हणतो तो पुष्कळदा भिन्न मूळ असलेल्या अनेक अंतर्विवाही गटांचा समुच्चय असतो, असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्रातील कुंभारांचे उदाहरण त्यांनी त्यासाठी घेतले. व्यवसाय एक, नाव एक. तरी चाक वेगळे, मडके घडविण्याची रीत वेगळी, रोटीबेटी व्यवहार वेगळा. हे विवेचन १९६१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या हिंदू समाजावरील ग्रंथात सविस्तर आले आहे. पुढील काळात जनुकशास्त्रीय संशोधनाने या प्रश्नाला आणखी एक बाजू जोडली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील लोकसमूहांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत चालू होती आणि त्यानंतर अंतर्विवाहाची बंधने घट्ट झाली. गट प्राचीन काळापासून अलग राहिले, असा अर्थ त्यांच्या सिद्धान्तातून काढल्यास तो या पुराव्याशी जुळत नाही.

त्यांच्या जातिविचाराची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. भिन्न गट एकमेकांशेजारी आपापल्या रीती सांभाळून राहतात, हे चित्र त्यांनी समर्थपणे रेखाटले; परंतु या शेजारपणात कोणाकडे सत्ता होती आणि कोणाच्या वाट्याला अवमान आला, हा प्रश्न त्यांच्या ग्रंथांत केंद्रस्थानी येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म अंतर्विवाहात असल्याचे दाखवून, त्यासाठी स्त्रियांवर लादलेल्या बंधनांचा हिशेब मांडला होता. नातेव्यवस्थेच्या अभ्यासकाला या निबंधातून केवढी सामग्री मिळाली असती! इरावतीबाईंच्या मांडणीत हा धागा पुरेसा विणला गेला नाही. संस्कृत ग्रंथांवरील भर आणि उच्चवर्णीय दृष्टिकोन यांचा परिणाम म्हणून पुढील समीक्षकांनी याची चर्चा केली आहे. नंदिनी सुंदर यांचा २००७ मधील अभ्यासपूर्ण लेख या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

तरीही प्रत्यक्ष क्षेत्रात गेल्यावर त्यांची नजर अधिक मोकळी होते. पंढरीच्या वारीवरील निबंध याचा पुरावा आहे. वारकऱ्यांसमवेत चालताना त्यांना महाराष्ट्राच्या एकतेचा अनुभव आला. पंढरीस जाणारे लोक ज्या प्रदेशात राहतात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या प्रसिद्ध आहे. पण त्याच निबंधात जातवार वेगळ्या दिंड्या आणि वेगळ्या पंगती यांची बोचही त्यांनी नोंदविली. भक्तिभावाने भारावून जाऊन त्यांनी ही विसंगती झाकली नाही. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासमवेत केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. विकासाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न समाजशास्त्राचा विषय आहे, याची जाणीव त्या कामात दिसते.

५. ललित निबंध आणि ‘युगान्त’

‘परिपूर्ती’ (१९४९), ‘भोवरा’ (१९६०) आणि मृत्यूनंतर आलेला ‘गंगाजल’ (१९७२) हे त्यांचे निबंधसंग्रह. ‘परिपूर्ती’ या निबंधाकडे सहसा मातृत्वाच्या गौरवाचा निबंध म्हणून पाहिले जाते. एका समारंभात वक्त्या स्त्रीची ओळख मोठ्या माणसांची मुलगी, सून आणि पत्नी अशी करून दिली जाते. तिला काहीतरी अपुरे वाटत राहते. आणि रस्त्यावरील शाळकरी मुले तिला आपल्या वर्गमित्राची आई म्हणून ओळखतात तेव्हा ती ओळख पूर्ण होते. वरवर हा हलका प्रसंग आहे. परंतु नातेव्यवस्थेच्या अभ्यासकाने तो लिहिला आहे, हे ध्यानी घेतले की त्यातील उपरोध स्पष्ट होतो. विदुषीचीही ओळख समाज नात्यांच्या शब्दांतच करून देतो. निबंध या व्यवस्थेचा निषेध करीत नाही, तिला शरणही जात नाही. ती उघडी करून दाखवितो.

१९६७ मध्ये ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हा या निबंधांचा आधार आहे. प्रक्षिप्त भाग बाजूस ठेवून उरलेल्या संहितेतील माणसांकडे त्या एका कुलाची माणसे म्हणून पाहतात. भीष्मांच्या त्यागाचा महिमा गाण्याऐवजी, त्या त्यागापायी अंबा आणि गांधारी यांच्यासारख्या स्त्रियांचे काय झाले, हा हिशेब त्या मांडतात. ‘पितापुत्र’ या निबंधात धर्मराजाचा पिता विदुर असावा काय, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आहे. नियोगात दिराला असणारा अधिकार, विदुराचे यमधर्माशी असलेले नाते, अखेरच्या क्षणी त्याने धर्मराजाच्या देहात केलेला प्रवेश हे त्यामागील पुरावे. येथे कादंबरीकाराची कल्पकता नाही. नातेव्यवस्थेच्या अभ्यासकाचे अनुमान आहे. आणि हे अनुमान निर्णायक नसल्याची कबुलीही त्याच निबंधात आहे.

‘द्रौपदी’ या निबंधाचा शेवट याहून वेगळा आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर कोसळलेल्या द्रौपदीच्या मनातील अखेरचे विचार इरावतीबाईंनी स्वतः रचले, आणि हा भाग व्यासांचा नसून आपला आहे, हे वाचकास स्वच्छ सांगितले. पुराणकथांवर आधारित मराठी साहित्यात संहिता आणि कल्पना यांतील सीमारेषा पुष्कळदा पुसली जाते. ती स्पष्ट ठेवून मग ओलांडणे हा ‘युगान्त’चा विशेष होय, आणि त्याचे संस्कार बर्लिनच्या प्रयोगशाळेतील आहेत.

समारोप

११ ऑगस्ट १९७० रोजी पुणे येथे इरावतीबाईंचे निधन झाले. पुण्याच्या आठवणींत त्या स्कूटर चालविणारी पहिली स्त्री म्हणून उरल्या आणि अशा आठवणींनी विदुषीला झाकून टाकले. त्यांच्या कारकीर्दीकडे एकसंध दृष्टीने पाहिले तर तिचे यश आणि तिचे अपुरेपण एकाच कसोटीवर मोजता येते. मार्गदर्शकाचे गृहीतक, गुरूचे मत आणि महाकाव्याची पूज्यता यांपुढे त्यांनी पुरावा झुकविला नाही. स्वतःच्या सामाजिक स्थानातून आलेली गृहीतके मात्र त्यांनी तितक्याच कठोरपणे तपासली नाहीत. मराठीच्या वर्गात ‘युगान्त’ शिकविताना नातेव्यवस्थेवरील ग्रंथाची चार पाने वाचली जावीत, आणि समाजशास्त्राच्या वर्गात त्या ग्रंथासोबत वारीवरील निबंध वाचला जावा. असे झाले तर त्यांनी अर्धवट सोडलेले प्रश्न त्यांच्याच पद्धतीने पुढे नेणारा अभ्यासक आपल्या विभागांतून तयार होऊ शकेल.